जे पिस्तूल हवं तेव्हा अडकतं तेच नको तेव्हा सुटतं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागे अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांवर एक लेख आला होता. सोन्यासाठी भारतीयांची घरं हेरून फोडतात, लोक दागिने लॉकरला ठेवायला लागलेत, हे सगळं त्यात होतं आणि ते खरंच आहे, माझी लेक तिकडेच असते त्यामुळे मला माहितीय. पण लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं की घरात एखादं छोटं स्वस्तातलं पिस्तूल असलेलं बरं, पर्समध्ये मावतं, वापरायची वेळ नाही आली तरी धाक राहतो. त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलोय. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कुठंही कापा पण पोराची गोष्ट खाली येते ती तेवढी कापू नका ही विनंती.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल. मी भोसरी एमआयडीसीत ३१ वर्षं डायकास्टिंगमध्ये (वितळलेला धातू डायमध्ये म्हणजे साच्यात दाबून भाग काढतात त्या कामात) काढली, त्यातली बहुतेक झिंकच्या मशीनवर. स्कूटरच्या कार्बोरेटरच्या बॉड्या, कुलपांचे भाग, दाराचे हँडल, गाडीच्या आरशाचे ब्रॅकेट असलं सगळं. झॅमॅक म्हणतात त्या धातूला, म्हणजे जस्त आणि त्यात साधारण चार टक्के अ‍ॅल्युमिनियम. ३८५ डिग्रीच्या आसपास वितळतं, डायमध्ये पाण्यासारखं पळतं, बारीक नक्षी सुद्धा उठते, मशीनिंग जवळजवळ करावंच लागत नाही, म्हणून स्वस्त पडतं. धातू वाईट नाहीये हो, माझं घर त्याच्यावर उभं राहिलं. पण त्याला काय झेपतं आणि काय झेपत नाही हे त्याच्यावर पोट असणाऱ्या माणसाला बरोबर कळतं.

लेक राहते चिनो हिल्सला, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला. तिथं गेलो की सहा महिने काय करायचं हा प्रश्न असतो. एकदा जावयाच्या मित्राकडे जेवायला गेलो होतो, मुलगा आपल्याकडचाच, ग्रीन कार्डवाला (एच-वन-बीवर असताना शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर बंदूक ठेवता येत नाही, हे पण त्या लेखात लिहायला हवं होतं, कोणीतरी वाचून भलतंच करून बसेल). तो आधी नेवाडात होता, तिथं त्याने ८० डॉलरला पॉइंट २५ चं (म्हणजे गोळीची जाडी साधारण पाव इंच) एक पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं, कॅलिफोर्नियात आल्यावर रीतसर फॉर्म भरून फी भरून नोंदवलेलं. ठेवलं कुठं होतं तर देवघराच्या खालच्या कप्प्यात, सोन्याच्या डब्याशेजारी. घरात पाच वर्षांची मुलगी. त्याची बायको मला म्हणाली, काका तुम्ही मशीनमधले ना, बघा हो जरा, मला त्या वस्तूची भीती वाटते आणि हे म्हणतात काही होत नाही, एवढंसं तर आहे.

मी व्हिजिटर व्हिसावर असल्यामुळे त्याला हात लावला नाही. त्यानेच डायनिंग टेबलवर पेपर पसरून ते खोललं आणि मी नातवाच्या भिंगाने लांबून बघितलं. नळी तेवढी स्टीलची, बाकी बॉडी आणि वरची स्लाइड दोन्ही झिंकच्या, वरून काळा रंग. रंग उडाला होता तिथं पोरॉसिटी स्पष्ट दिसत होती, बारीक बारीक टाचणीच्या टोकाएवढी भोकं. आमच्याकडे हा तुकडा कुलपासाठी सुद्धा रिजेक्शनच्या क्रेटमध्ये गेला असता. सेफ्टीचा खटका ज्या खाचेत बसतो ती खाच पण झिंकची आणि तिची कड झिजून गोल झालेली. झिंकवर सतत स्प्रिंगचा दाब राहिला की ते हळूहळू सरकतं, त्याला आम्ही क्रीप म्हणतो, वर्षभर काही दिसत नाही आणि दहा वर्षांनी मोजलं तर माप बदललेलं असतं. कार्बोरेटरमध्ये असं झालं तर गाडी पेट्रोल जास्त खाते. इथं काय होईल तुम्हीच विचार करा.

पुढच्या शनिवारी तो मला इनडोअर रेंजवर घेऊन गेला, मी काचेच्या मागे उभा होतो. ५० काडतुसांचं एक पाकीट. आणि ते पाकीट सुद्धा मोठ्या नाइन एमएमच्या पाकिटापेक्षा महाग, म्हणजे पिस्तूल स्वस्त आणि काडतूस महाग, म्हणून लोक ही पिस्तुलं घेतात आणि सराव कधी करतच नाहीत, ड्रॉवरमध्ये टाकून देतात. त्याने पण घेतल्यापासून जेमतेम दहाएक गोळ्या झाडल्या होत्या. त्या ५० मध्ये मी मोजलं, सात वेळा अडकलं. तीनदा रिकामी पुंगळी बाहेर फेकलीच गेली नाही, स्लाइडमध्ये उभी अडकून राहिली, धुराड्यासारखी. दोनदा पुढची गोळी वर येताना नाक खाली करून रुतली. एकदा चाप ओढला आणि नुसता टक आवाज. आणि एकदा काय झालं ते त्याला पण कळलं नाही, सगळं जागच्या जागी घट्ट बसलं, शेवटी रेंजवरच्या माणसाने येऊन सोडवलं आणि तो जे म्हणाला ते जावयाच्या मित्राने मला नंतर सांगितलं, की हे घरी नेऊन पुन्हा भरू नका.

हे का होतं ते थोडं सांगतो. या छोट्या पिस्तुलांमध्ये बार उडतो तेव्हा मागचं दार कुलूपबंद नसतं, फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग मिळून ते धरून ठेवतात. गोळी पुढे जाते, पुंगळी मागे ढकलते, स्लाइड मागे जाते, जाता जाता रिकामी पुंगळी फेकते आणि येता येता नवीन गोळी उचलते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मोठ्या पिस्तुलात त्याला मागेपुढे जायला जागा असते, इथं खिशात मावायला पाहिजे म्हणून ती जागाच कापलेली, जरा काडतूस कमजोर निघालं, जरा मनगट सैल पडलं, जरा तेल सुकलं, खिशातला कापसाचा धागा गेला की चुकलंच. मॅगझिनचे म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीचे ओठ पातळ पत्र्याचे, जरा वाकले की गोळीचा कोन बदलतो. आणि पॉइंट २२ असेल तर अजून एक भानगड, त्याची बारूद पेटवणारी रसायनाची पेस्ट पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेली असते, ती कुठं एका जागी पसरली नाही आणि नेमका तिथंच ठोका बसला तर फुसका बार. पॉइंट २५ चं काडतूस ब्राउनिंगने १९०५ च्या सुमाराला काढलं तेव्हा त्यात पेटवणारी टोपी मधोमध ठेवली, त्यामुळे त्यात हा त्रास कमी. पण काडतूस कितीही चांगलं असलं तरी यंत्र तेवढं नेमकं पाहिजे ना, त्या काळची बेल्जियमची खिशातली पिस्तुलं स्टीलची, मशीनवर कापून, हाताने घासून बसवलेली. ते काम आणि ८० डॉलरचं काम एक नाही.

आता ही पिस्तुलं आली कुठून? माझ्या लेकीच्या घरापासून गाडीने फार लांब नाही अशा गावांमधून. १९६८ ला रॉबर्ट केनेडींचा खून झाला लॉस एंजेलिसच्याच हॉटेलात, पॉइंट २२ च्या एका साध्या रिव्हॉल्व्हरने, त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि बाहेरून येणाऱ्या फालतू छोट्या पिस्तुलांना चाळणी लावली. पिस्तूल किमान सहा इंच लांब पाहिजे, चार इंच उंच पाहिजे, दोन्ही मिळून दहा इंच भरलं पाहिजे, सेफ्टी पाहिजे, वजनाला इतके मार्क, सेफ्टीच्या सोयींना इतके मार्क, ७५ मार्क मिळाले तर आत. पण ही चाळणी फक्त आयातीला! देशात बनवलेल्याला काहीच नाही. मग जे बाहेरून यायचं ते तिथंच बनायला लागलं. १९७० ला जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या माणसाने सिटी ऑफ इंडस्ट्री नावाच्या गावात रेव्हन आर्म्स काढली आणि पॉइंट २५ चं पिस्तूल बाजारात आणलं, झिंकचं. मग त्याच्या मुलाने जेनिंग्ज फायरआर्म्स काढली, पुढे कोस्टा मेसात ब्रायको आर्म्स, नातेवाइकाची डेव्हिस इंडस्ट्रीज, ओळखीच्याची मिरा लोमात लॉर्सिन. लॉस एंजेलिसच्या भोवती रिंगण झालं म्हणून गॅरन विंटेम्यूट नावाच्या इमर्जन्सीच्या डॉक्टरने १९९४ मध्ये त्यांना रिंग ऑफ फायर हे नाव दिलं, आणि एका डॉक्टरला हे नाव ठेवावंसं वाटलं यात सगळं आलं, त्यांच्या टेबलवर येत होते ना पेशंट. १९९३ ला तर अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त पिस्तुलं बनवणारी कंपनी ही लॉर्सिन होती. मोठमोठी नावं मागे आणि झिंकवाली पुढे.

मी त्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून जावयाबरोबर गाडीने गेलोय. शेडच शेड, आपल्या भोसरीसारख्याच. आत माझ्यासारखीच माणसं मशीनवर उभी असणार. मला त्या कामगारांबद्दल वाईट लिहायचं नाही, डायमधून काय काढायचं हे कामगार ठरवत नाही.

लोक म्हणतात ना, आणि हे मी आपल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, की काका स्वस्त पिस्तूल धड चालतच नाही तर त्याच्यापासून धोका काय, नुसता धाकाला ठेवायचं. हेच मला खोडायचं आहे. १९९४ ला उत्तर कॅलिफोर्नियात विलिट्स गावात एक सात वर्षांचा मुलगा घरात होता. आईवडील घरी नव्हते, ओळखीचा विशीतला तरुण मुलांकडे बघायला होता, आणि घरातलं पिस्तूल भरलेलं आहे म्हणून तो ते रिकामं करत होता, म्हणजे चांगलंच काम करत होता. पिस्तूल ब्रायकोचं मॉडेल ३८, पॉइंट ३८० चं. रिकामं करायचं तर स्लाइड मागे ओढावी लागते, आणि त्या मॉडेलमध्ये सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे जातच नाही, म्हणून आधी सेफ्टी काढावी लागते. त्याने सेफ्टी काढली आणि बार उडाला, गोळी त्या पोराच्या हनुवटीतून आत जाऊन मणक्यात. मानेखाली सगळं शरीर लुळं झालं, कायमचं.

खटला उभा राहिला तेव्हा बाहेर काय आलं तर आधीच्या डिझाइनमध्ये सेफ्टी लावून पिस्तूल रिकामं करता येत होतं. पण तसं करताना गोळी अडकायची. हा दोष मुळातून दुरुस्त करायचा तर चेंबर (गोळी बसते ती जागा), मॅगझिन, रॅम्प (गोळी वर सरकते तो उतार) सगळं बघावं लागलं असतं, पैसे लागले असते. त्याऐवजी काय केलं तर सेफ्टी लावलेली असताना स्लाइड हलूच नये असं करून टाकलं, झालं, अडकायचा प्रश्नच मिटला, आणि ग्राहकाला सांगितलं की रिकामं करायच्या आधी सेफ्टी काढा. म्हणजे एक अडकणं झाकायला एक खटका बदलला. मी टूलरूमच्या माणसांबरोबर आयुष्य काढलंय, मला हा निर्णय कोणत्या टेबलवर आणि किती मिनिटांत झाला असेल ते डोळ्यासमोर दिसतं. आमच्याकडे पण डाय दुरुस्त करायच्याऐवजी पार्टच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स म्हणजे मापातली सूट वाढवून मागायचे लोक. फक्त आमचा पार्ट दाराच्या कडीत जायचा.

म्हणून मी म्हणतो अडकणं आणि अपघात ही दोन दुखणी नाहीत. धातू हलका, माप सैल, तपासणी नाही, आणि दोष दिसला की तो लपवायचा, यातून जे बाहेर पडतं ते चोर समोर असताना टक करतं आणि रिकामं करताना ठो करतं.

२००३ मध्ये ओकलंडच्या ज्युरीने त्या मुलाचं एकूण नुकसान जवळपास ५१ दशलक्ष डॉलर धरलं, त्यातला जवळपास २४ दशलक्षचा भार कंपनी आणि तिच्या मालकाच्या बाजूला गेला. कंपनीने लगेच दिवाळखोरी जाहीर केली. २००४ ला लिलाव झाला तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा, व्हीलचेअरवर, आणि त्याने वर्गणी गोळा करून कंपनी विकत घ्यायचा प्रयत्न केला, कशासाठी तर तिचा सगळा साठा वितळवून टाकायला. पाच लाख दहा हजार डॉलरला लिलाव सुटला पण त्याला नाही, कंपनीच्याच जुन्या फोरमनला, त्याने स्वतःच्या नावाने तेच धंदे पुन्हा सुरू केले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. ३८५ डिग्री लागतात हो फक्त. आमच्या शेडमधल्या एका भट्टीला ते काहीच काम नव्हतं.

कॅलिफोर्नियाने त्याच्या आधीच एक काम चांगलं केलं होतं, १९९९ मध्ये कायदा केला आणि २००१ पासून दुकानात नवीन विकायचं पिस्तूल आधी लॅबमध्ये तपासायला लागले. एका मॉडेलची तीन पिस्तुलं घेतात, प्रत्येकातून ६०० गोळ्या. पहिल्या वीसमध्ये एकदाही अडकायचं नाही, ६०० मध्ये पिस्तुलाच्या दोषाने सहापेक्षा जास्त वेळा अडकायचं नाही आणि कुठं तडा जायचा नाही. मग एक मीटर आणि वर एक सेंटिमीटर एवढ्या उंचीवरून काँक्रीटवर वेगवेगळ्या बाजूंनी सहा वेळा पाडतात, सुटायचं नाही. मित्राच्या पिस्तुलाने ५० मध्येच सात केले, त्या हिशोबाने तुम्हीच बघा. पण ही तपासणी नव्या मालाला. लोकांच्या ड्रॉवरमध्ये जी लाखो जुनी पडली आहेत आणि दुसऱ्या राज्यातून सामानाबरोबर येतात त्यांना कोण तपासणार? आणि एक गोष्ट तर मला अजून पटत नाही, तिकडे ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षेचं जे सरकारी कमिशन आहे १९७२ पासूनचं, ते मुलांची खेळण्यातली बंदूक बाजारातून परत मागवायला लावू शकतं पण खऱ्या बंदुकीला हात लावू शकत नाही, कायद्यानेच ती वगळलेली आहे. मिक्सरचं झाकण सदोष निघालं तर रिकॉल. पिस्तुलाची सेफ्टी सदोष निघाली तर कंपनीची मर्जी.

छोटी गोळी म्हणजे छोटं नुकसान असं पण कोणी समजू नये. राष्ट्राध्यक्ष रेगनना १९८१ ला लागली ती पॉइंट २२ ची, स्वस्तातल्या छोट्या रिव्हॉल्व्हरची, ती सुद्धा थेट नाही, गाडीवर आपटून उडालेली, आणि ती फुप्फुसापर्यंत गेली. त्यांचे प्रेस सेक्रेटरी ब्रॅडी त्याच वेळी डोक्यात गोळी लागून जन्मभराचे अधू झाले. म्हणजे चोराला थांबवायला ती गोळी भरवशाची नाही आणि घरातल्या पोराला संपवायला पुरेशी आहे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळा आहे, लायसन्स मिळणंच अवघड, नवीन परदेशी पिस्तूल सामान्य माणसाला आयात करता येत नाही, आणि ऑर्डनन्स फॅक्टरीचं पॉइंट ३२ घ्यायचं तर ते स्वस्त नाही, २०१४ ला कानपूरने बायकांसाठी म्हणून निर्भीक रिव्हॉल्व्हर काढलं ते सव्वा लाखाच्या आसपास होतं. म्हणून आपल्या पेपरात लिहिताना लोकांना ते वाक्य निरुपद्रवी वाटलं असेल. पण आपला पेपर आता तिकडची पोरं मोबाइलवर वाचतात, आईबाप लिंक पाठवतात, माझ्याच लेकीला तो लेख तिच्या सासूबाईंनी पाठवला होता, बघ गं काळजी घ्या म्हणून.

ज्याला घ्यायचंच आहे त्याला मी अडवणारा कोण. पण मग स्वस्तात घेऊ नका, पडलं तर सुटणार नाही अशी आतली अडवणूक असलेलं घ्या, सेफ्टी लावून रिकामं करता येतं का ते दुकानातच विचारा, ज्या काडतुसांवर भरवसा ठेवणार त्यातली निदान २०० तरी रेंजवर झाडून बघा, आणि घरी कुलपाच्या पेटीत ठेवा, देवघरात नाही. हे सगळं करायला पैसे आणि वेळ नसेल तर दाराला चांगली कडी, अलार्म आणि सोनं बँकेत, एवढ्यावर भागतं.

जावयाच्या मित्राने काय केलं ते सांगून थांबतो. रेंजवरून आल्यावर तो दोन दिवस काही बोलला नाही. मग त्याच्या बायकोचा फोन आला, की त्याने पोलिसांच्या साध्या (तातडीच्या नव्हे) नंबरवर फोन करून विचारलं, त्यांनी सांगितलं रिकामं करून पेटीत घालून गाडीच्या डिकीत ठेवून या, आत आणू नका, आम्ही बाहेर येऊन घेतो. ते रिकामं करायला सुद्धा तो घरी बसला नाही, रेंजवरच गेला, त्या माणसाकडून करून घेतलं, मुलगी शाळेत असताना. देवघराच्या कप्प्यात आता तिच्या चित्रकलेच्या वह्या आहेत.

संपादक साहेब, त्या लेखाखाली पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा छापावा एवढीच मागणी आहे.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त डायकास्टिंग कामगार
भोसरी, पुणे